एका अडाणी हट्टाचं कौतुक

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकड्यावर एक बाई हमखास बसलेली असते. कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची धाकटी जाऊ. मांडीवर पिशवी आणि पिशवीत शाल, लोकरीचे पायमोजे, कानटोपी, शिवाय घडीवर घडी घालून कोंबलेली सोलापुरी चादर. दार जरा किलकिलं झालं की ही उठते. "सिस्टर, आमच्या आईंना आत थंडी वाजत असेल हो. एवढं पांघरूण घालाल का?" सिस्टर सांगतात, बाहेरचं काही आत चालत नाही. ती बसते. थोड्या वेळाने पुन्हा दार उघडतं, पुन्हा ती उठते. मग वॉर्डबॉय आवाज चढवतो, बाकीचे नातेवाईक मोबाइलमध्ये डोकं घालतात, आणि डॉक्टरांशी अर्धंअधिक इंग्रजीत बोलून आलेला घरातला शिकलेला माणूस तिला दबक्या आवाजात म्हणतो, "वहिनी, पुरे झालं आता. हसतायत सगळे. आईला भूल दिलीय, तिला कसली थंडी वाजतेय?"

सगळं रुग्णालय एका बाजूला आणि ही बाई एका बाजूला. तिने शरीरशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही, तिला फॉर्मवरचे शब्द कळलेले नाहीत, सही कुठे करायची तेही दुसऱ्याने दाखवलं. म्हाताऱ्या माणसाला गारठा सोसत नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर ती अडून बसली आहे. तिच्या या अडाणी हट्टाचं मला भर सभेत व्हावं तसं कौतुक करायचं आहे. शहाण्यांची बाजूही मी नीट मांडणार आहे, कारण ती बाजू जितकी नीट मांडावी तितकं या अडाणीपणाचं मोल वाढत जातं.

'भूल दिलीय, तिला कसली थंडी?' हे वाक्य ऐकायला किती समंजस वाटतं. ज्याला शुद्धच नाही त्याला थंडी कळणार कशी? तर कळत नाही, हे अगदी खरं आहे. आणि सगळा घोटाळा नेमका तिथेच आहे. आपल्या शरीराचं तापमान सगळीकडे सारखं नसतं. मेंदू, हृदय, फुप्फुसं, यकृत या गाभ्याच्या भागात ते ३७ अंशांच्या आसपास असतं. हातपाय आणि कातडी त्याहून काही अंशांनी थंड असतात. हा फरक टिकवण्यासाठी शरीर हातापायांतल्या आणि कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं. थंडीच्या रात्री जुन्या वाड्यात माजघराची दारं लावून आतली ऊब आतच धरून ठेवत, तसं. भूल चढली की ही दारं एकदम उघडतात. रक्तवाहिन्या सैलावतात आणि गाभ्यातली ऊब हातापायांकडे वाहून जाते. पहिल्या तासाभरात गाभ्याचं तापमान एक ते दीड अंशाने उतरतं ते मुख्यतः यामुळे. पुढचे दोन-तीन तास ते हळूहळू आणखी उतरत राहतं, कारण आता शरीर बाहेर जेवढी उष्णता सोडतं तेवढी आत तयारच होत नाही.

जागेपणी गाभ्याचं तापमान काही दशांशांनी जरी ढळलं तरी मेंदू लगेच प्रतिकार सुरू करतो. अंगावर काटा येतो, कापरं भरतं, माणूस पांघरूण ओढून घेतो. भुलेखाली हाच मेंदू दोन ते चार अंशांची घसरण मुकाट्याने सोसतो. म्हणजे ज्या बाईला थंडी कळत नाही म्हणून तिच्यावर पांघरूण घालायचं नाही, तिच्या शरीराने थंडीशी लढणंच बंद केलेलं असतं. लढणारं कुणी उरलेलं असेल, तर ते बाहेर बाकड्यावर.

आता तिच्या हट्टाची वेळ बघा. भूल चढल्यावर आतल्या आत वाहून जाणारी ही ऊब नंतर घातलेल्या पांघरुणाने अडत नाही. ती तर अंगातच एका जागेवरून दुसरीकडे चाललेली असते. मग ती अडवायची कशी? भूल देण्याआधीच हातपाय आणि कातडी गरम करून ठेवली, तर गाभा आणि हातपाय यांच्यातला फरकच कमी होतो आणि वाहून जायला फारसं काही उरत नाही. भूलशास्त्राने हे प्रयोग करून सिद्ध केलं आहे. इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या वेळच्या थंडीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. रुग्णाला भूल देण्याआधीपासूनच ऊब द्यायला लागा, असं त्यांत सांगितलेलं आहे. घाईची शस्त्रक्रिया असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. गाभ्याचं तापमान ३६ अंश झाल्याशिवाय भूल सुरू करू नका, असंही त्यांत आहे.

आपल्याकडे हा आधीचा वेळ कसा जातो? आजींचा नंबर अकराला असतो. आदल्या रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. सकाळीच अंगावरचं लुगडं, ब्लाऊज, बांगड्या सगळं उतरवून मागे नाड्यांनी बांधायचा एक पातळ गाऊन चढवला जातो. मग बऱ्याच आधीच ट्रॉली आणून त्यांना थिएटरच्या आतल्या पॅसेजमध्ये ठेवतात, म्हणजे आधीची केस संपली की वेळ जायला नको. पॅसेजमध्येही एसी. आजी तिथे तास-दीड तास, अंगावर एक चादर आणि तीही गुडघ्यापर्यंतच पोचलेली, अशा निजून असतात. भूल देण्याआधी माणसाला गरम करावं असं पुस्तक सांगतं, तेव्हा आम्ही त्याला गार करून तयार ठेवतो. आणि नेमक्या याच तास-दीड तासात ती बाई दार वाजवत असते. तिला वेळेचं शास्त्र ठाऊक नाही, पण तिची वेळ अचूक आहे. तिची शाल काही गरम हवेच्या यंत्राची बरोबरी करणार नाही. तरी अंगावर पांघरुणाचा एक थर असला तरी कातडीतून जाणारी उष्णता सुमारे तीस टक्क्यांनी कमी होते, असं मोजून पाहिलेलं आहे. पुढचे थर चढवले तर त्या मानाने थोडाच फायदा होतो. पण पहिला थर? तो तर गुडघ्यापर्यंतच होता.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हे सगळं आणखी वाईट होतं. वयाबरोबर स्नायू झडतात आणि उष्णता तयार करण्याचं मोठं काम स्नायूंचं. कातडीखालची चरबी पातळ होते. चयापचय मंदावतं. रक्तवाहिन्या आवळायला उशीर लागतो आणि त्या पूर्वीइतक्या आवळल्याही जात नाहीत. कापरं भरायला लागण्यासाठी तापमान जितकं उतरावं लागतं, ते म्हातारपणी आणखी खाली जातं. ऐंशीपुढच्या माणसांत जवळजवळ एक अंशाने. याचा अर्थ कुणी फारसा बोलून दाखवत नाही. तरुण पेशंट थंड पडला की हुडहुडी भरते, दात वाजतात, ट्रॉली हलते, सिस्टर धावत येतात. ऐंशी वर्षांच्या आजी तेवढ्याच थंड पडल्या, किंबहुना जास्त, तरी त्या शांत निजलेल्या असतात. 'आजी फार छान आहेत, अजिबात त्रास दिला नाही,' असं त्यांच्याबद्दल सगळे सांगतात.

त्यात त्यांचा स्वभाव. माझ्या आत्याच्या खुब्याचं हाड मोडलं, ती पहाटे न्हाणीत पाय घसरून पडली होती. ऑपरेशननंतर तिला वॉर्डात आणलं तेव्हा तिची पावलं हाताला गार लागली. मी विचारलं, "आत्या, आत थंडी वाजत होती का गं?" ती म्हणाली, "वाजत होती की. पण ती एवढी मोठी माणसं, एवढी घाईत. त्यांना कुठे पांघरूण मागत बसू?" आयुष्यभर दुसऱ्यांची पांघरुणं सारखी करत आलेल्या बायका आहेत या. स्वतःसाठी मागायची त्यांना सवयच नाही. त्यांच्यासाठी मागणारं कुणीतरी हवं, आणि ते मागणारं माणूस हट्टी असेल तर फारच उत्तम.

खुब्याच्या ऑपरेशनला बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन अर्धं अंग बधिर करतात. म्हाताऱ्यांसाठी ही पद्धत बरी पडते आणि तिचा खर्चही कमी असतो. पेशंट जागा असतो, बोलतो. म्हणून सगळ्यांना वाटतं की थंडी वाजली तर तो सांगेलच. पण कमरेखालच्या रक्तवाहिन्या इथेही सैलावतात आणि गाभ्याची ऊब पायांकडे ओसरते. पायांची कातडी गरम झालेली असते, आणि बधिर झालेल्या भागाकडून मेंदूला थंडीची वार्ता मिळत नाही. परिणाम असा की गाभा थंड पडत असताना माणसाला कधी कधी उलट उबदार वाटतं. "आजी, थंडी वाजतेय का?" "नाही बाळा, बरं वाटतंय." हा संवाद ज्यांनी ज्यांनी ऐकला त्यांनी समाधानाने मान हलवली असेल. तिथे थर्मामीटर लावला असता तर उत्तर वेगळं आलं असतं. म्हणून मला त्या बाईचा हा गुण विशेष वाटतो की ती आजींच्या 'काही नको'वर विश्वास ठेवत नाही. घरात तीस वर्षं ते 'काही नको' ऐकून तिला त्याची किंमत चांगलीच कळली आहे.

प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला आजोबांची गत तर याहून बिकट. तिथे मूत्राशयात सतत पाणी सोडून जागा स्वच्छ ठेवावी लागते. कित्येक लिटर द्रव आत जातो आणि बाहेर येतो. तो खोलीच्या तापमानाचा असेल, तर वीस-बावीस अंशांचं पाणी तासभर माणसाच्या पोटाच्या आतून वाहत राहतं. नाइस सांगते की असा द्रव ३८ ते ४० अंशांपर्यंत गरम करून वापरा. शिरेतून दिली जाणारी सलाईनही साधी गोष्ट नव्हे. खोलीच्या तापमानाचं एक लिटर सलाईन मोठ्या माणसाच्या शरीराचं सरासरी तापमान सुमारे पाव अंशाने उतरवतं. फ्रीजमधून काढलेली रक्ताची एक पिशवीही साधारण तेवढंच. चार बाटल्यांचा हिशेब सोपा आहे. त्यावर जंतुनाशक लावण्यासाठी पोट-मांड्या उघड्या केलेल्या, स्पिरिट वाळताना कातडीतली ऊब घेऊन जातं, अंगाखालची चादर ओली होते आणि ती ओलीच राहते.

शहाण्यांची बाजू मांडायचं मी कबूल केलं होतं. थिएटर थंड का ठेवतात? सर्जन आणि मदतनीस डोक्यापासून पायापर्यंत कपड्यांत गुंडाळलेले असतात, वर दिव्यांची धग, हाडांच्या ऑपरेशनला एक्स-रेपासून बचावासाठी शिशाचा जड अ‍ॅप्रन. माणूस घामाघूम होतो आणि घामाने निथळणाऱ्या हातांनी खुबा बसवू नये हे कुणालाही पटेल. सांधा बदलताना वापरायचं सिमेंट उबेत लवकर घट्ट होतं, तेव्हा हातात वेळ राहावा म्हणूनही खोली थंड लागते. ही कारणं खरी आहेत. थंडीने जंतू मरतात, हे मात्र खरं नाही. फ्रीजमधल्या आमटीलाही चार दिवसांनी वास येतो. हवेतले जंतू कमी करतात ते गाळून आत घेतलेल्या हवेने आणि ती वरचेवर बदलण्याने. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांत शस्त्रक्रियागृहाचं तापमान २१ अंश धरलं आहे, तीन अंश कमी-अधिक. नाइस म्हणते, पेशंटचं अंग उघडं असेल तोवर खोली निदान २१ अंशांवर ठेवा. त्याला उबदार करायची सोय झाली की मग सर्जनच्या सोयीसाठी थंड करा. दोघांचीही सोय होते. रिमोट मात्र कुणीतरी उचलायला लागतो.

आता थंडीने होतं तरी काय? हुडहुडी भरेल, अर्ध्या तासात जाईल, असं शिकलेला माणूस म्हणतो. आंद्रेआ कुर्झ, डॅनियल सेसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापला. मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया होणारे २०० पेशंट त्यांनी दोन गटांत विभागले. एका गटाला उबदार ठेवलं, दुसऱ्याला नेहमीसारखं गार होऊ दिलं. फरक दोन अंशांपेक्षाही कमी होता, एकीकडे सरासरी ३६.६ आणि दुसरीकडे ३४.७. उबदार गटात जखमेत संसर्ग झाला ६ टक्क्यांना, गार गटात १९ टक्क्यांना. गार गट रुग्णालयात सरासरी अडीच दिवसांहून जास्त रेंगाळला. कारण समजायला सोपं आहे. थंडीने कातडीच्या रक्तवाहिन्या आवळल्या की जखमेपाशी प्राणवायू कमी पोचतो, आणि जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना त्या कामासाठी प्राणवायूच लागतो. म्हणजे ज्या जंतूंच्या भीतीने शाल बाहेर ठेवली, त्यांना आत गारठ्याने मदत केली.

त्याच वर्षी लॅन्सेट या नियतकालिकात खुबा बदललेल्या ६० पेशंटांचा अभ्यास आला. गार पडलेल्या पेशंटांचं तापमान दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १.६ अंशांनी कमी होतं आणि त्यांचा रक्तस्राव सुमारे अर्ध्या लिटरने जास्त झाला. रक्त गोठवणारी प्रथिनं आणि प्लेटलेट्स ऊब असेल तरच नीट काम करतात. यातली फसवी गोष्ट अशी की रक्त गोठण्याची तपासणी प्रयोगशाळेत नमुना ३७ अंशांवर ठेवून होते. पेशंट ३५ अंशांवर रक्त गमावत असतो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. १९९७ मध्ये स्टीव्हन फ्रँक आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा धोका असलेल्या ३०० पेशंटांवर केलेला अभ्यास जामा नियतकालिकात आला. गार गटात हृदयाच्या गंभीर तक्रारी ६.३ टक्के, उबदार गटात १.४ टक्के. म्हातारं हृदय, त्यात नंतर भरलेली हुडहुडी. हुडहुडीत शरीराची प्राणवायूची मागणी दुप्पट-तिप्पटही होऊ शकते. 'अर्ध्या तासात जाईल' तो अर्धा तास या हृदयाने कसा काढायचा?

थंडीने औषधंही रेंगाळतात. भुलेत स्नायू सैल ठेवण्यासाठी देतात त्यांतल्या व्हेक्युरोनियम या औषधाचा अंमल, तापमान दोन अंशांनी उतरलं तर दुपटीहून जास्त वेळ टिकतो. 'आजी अजून गुंगीतच आहेत, वय झालंय ना' असं आपल्याला सांगतात. वय झालंच आहे. पण रिकव्हरीत कुणी त्यांचं तापमान घेतलं का, हे विचारणारं माणूस मला बाकड्यावरच्या त्या बाईखेरीज दिसलेलं नाही. तिचा प्रश्न असा नसतो, तिचा प्रश्न 'अंग गार तर नाही ना?' असा असतो. अर्थ तोच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर हे कौतुक आंधळं ठरेल. २०२२ साली लॅन्सेटमध्ये चीन आणि अमेरिकेतल्या ५,००० हून अधिक पेशंटांचा एक मोठा अभ्यास आला. त्याच्या प्रमुखांत हेच डॅनियल सेसलर होते. त्यांनी एका गटाला नेटाने ३७ अंशांवर ठेवलं आणि दुसऱ्याला ३५.५ अंशांपर्यंत उतरू दिलं. हृदयाची इजा, जखमेचा संसर्ग, रक्त द्यावं लागणं यांत दोन गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. जुन्या अभ्यासांतला फरक इतका मोठा का होता, यावर आता नव्याने विचार चालू आहे, आणि तो व्हायला हवा. माणसाला भट्टीत ठेवायची गरज नाही, एवढं यावरून कळतं. मात्र त्या अभ्यासातल्या 'थंड' गटातल्या माणसांचं तापमान सतत मोजलं जात होतं आणि त्यांना ३५.५ च्या आसपास सांभाळून ठेवलं होतं. आपल्या पॅसेजमधल्या आजींचं तापमान कुणी मोजलेलंच नसतं. त्या ३५.५ वर आहेत की ३४ वर, हे त्यांना माहीत नाही, सर्जनला माहीत नाही, आणि केसपेपरवर तो रकाना कोरा असतो. या अभ्यासाचा आधार घेऊन कुणी पांघरूण नाकारलं, तर त्याने आधी थर्मामीटर दाखवावा.

ऊब द्यायची साधनं काही दूरची नाहीत. अमेरिकेतल्या मिनेसोटातले भूलतज्ज्ञ स्कॉट ऑगस्टीन यांनी गरम हवा फुंकणारं पांघरूण तयार केलं ते १९८७ साली. पातळ कागदी रजईसारखी पिशवी, तिला नळीने यंत्र जोडलेलं, आणि बारीक छिद्रांतून अंगावर येणारी उबदार हवा. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत हे यंत्र असतं. लहान नर्सिंग होममध्ये ते नसतं, असलं तर एक असतं आणि शेजारच्या टेबलावर चालू असतं. पण यंत्राविना करण्यासारखंही बरंच आहे. पेशंटला नंबर आल्यावरच पॅसेजमध्ये आणायचं. अंग पुरतं झाकायचं आणि जेवढा भाग लागेल तेवढाच उघडायचा. औषध लावून झाल्यावर ओली चादर काढून कोरडी घालायची. पेशंटवर निर्जंतुक कापडं टाकून होईपर्यंत एसी वर ठेवायचा. सलाईनच्या बाटल्या गरम कपाटात ठेवायच्या. तापमान घ्यायचं, भूल देण्याआधी, मध्ये दर अर्ध्या तासाने आणि नंतर रिकव्हरीत. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसे लागतच नाहीत. लागते ती आठवण, आणि आठवण करून देणाऱ्याला आपण वॉर्डबॉयकडून गप्प बसवतो.

त्या बाईचंही सगळंच बरोबर असतं असं नाही. गरम पाण्याची पिशवी, गरम पाणी भरलेली बाटली किंवा हातमोजा आजींच्या पायाशी ठेवण्याचा तिचा आग्रह धोक्याचा आहे. कमरेखालचं अंग बधिर असताना, किंवा मधुमेहाने पावलांची जाणीव गेलेली असताना, चटका बसलेला कळत नाही आणि भाजलेली जखम महिनोन् महिने चिघळते. इथे सिस्टरचं ऐकलंच पाहिजे. गरम हवेच्या यंत्राची नळी रजईशिवाय थेट चादरीखाली सोडणं हेसुद्धा तितकंच घातक आहे, आणि हा उद्योग नातेवाईक करत नाहीत. घरची गोधडी निर्जंतुक टेबलाजवळ नेता येत नाही, हा नियमही बरोबर आहे. जुन्या कापडांचा धागा आणि धूळ जखमेत जायला नको. सगळी ऊब डोक्यातूनच निघून जाते, हे तिचं म्हणणं मात्र शास्त्राला धरून नाही. डोकं अंगाच्या इतर भागांसारखंच आहे. पण ऑपरेशन पोटाचं असेल तर झाकता येण्यासारख्या भागांत डोकंही येतं, तेव्हा कानटोपी राहू द्यावी.

नागपुरात, चंद्रपुरात मे महिन्यात हा सगळा प्रकार फार विचित्र दिसतो. बाहेर पंचेचाळीस अंश. डोक्याला उपरणं गुंडाळून, पन्हं पिऊन नातेवाईक आलेले. अशा उन्हाळ्यात शाल घेऊन येणाऱ्याला खरोखरच वेडं म्हणतील, आणि म्हणतातही. आजींना मात्र त्या दिवशी तीन तास वीस अंशांत, पातळ गाऊनवर काढायचे आहेत. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात निदान सगळ्यांना थंडी आठवते. विदर्भाच्या मे महिन्यात ती आठवणारी एकटी तीच असते, आणि त्या महिन्यात तिची शाल मला सगळ्यात जास्त मोलाची वाटते.

तेव्हा कुणाच्या घरी येत्या आठवड्यात आई-वडिलांचं, सासू-सासऱ्यांचं ऑपरेशन असेल, तर ही हट्टी बाई सोबत न्यावी. घरात नसेल तर कुणीतरी ती व्हावं, पुरुषांनीही. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा त्यांना विचारावं: डॉक्टर, आत गरम हवेचं ब्लँकेट आहे का? सलाईन गरम करून देता का? ऑपरेशन चालू असताना तापमान मोजता का? बहुतेक भूलतज्ज्ञांना या प्रश्नांचा आनंदच होतो, कारण गरम हवेच्या यंत्रासाठी ते स्वतःच कधीपासून व्यवस्थापनाकडे अर्ज करत असतात. सकाळी वॉर्डातून नेईपर्यंत आजींच्या अंगावर स्वेटर, पायांत मोजे असू द्यावेत. पॅसेजमध्ये ताटकळत ठेवू नका, नंबर आला की न्या, असं सिस्टरना हात जोडून सांगावं. बाहेर आणल्यावर आधी पावलांना हात लावावा, मग तापमान घ्यायला सांगावं. नाइसप्रमाणे रिकव्हरीत ते दर पंधरा मिनिटांनी घ्यायचं असतं आणि ३६ होईपर्यंत पेशंटला वॉर्डात पाठवायचं नसतं. तिथे शाल चालते. आणि सिस्टर म्हणाल्या, 'किती वेळा विचारता?', तर आणखी एकदा विचारावं.